हात सोडला

९ नोव्हेंबर २०२४

अक्षू,

भाऊबीजेच्या मुलाकातीला आई एकटीच आली. मी काचेतून तिच्या मागे बघतोय, अक्षू कुठे? म्हटलं मुलुंडवरून यायचं म्हणजे उशीर होणारच. तर आई रडायलाच लागली. म्हणे अक्षता पडते. चालता चालता पडते. एवढंच बोलली आणि टाइम संपला.

पडते म्हणजे काय गं? तू काय दोन वर्षांची आहेस? कोणी ढकललं काय तुला? फक्त नाव सांग. ऑगस्टमध्ये मी बाहेर येतोय, तोवर लक्षात ठेवतो. कानाखाली असा आवाज काढीन ना, की साल्याला सात पिढ्या ऐकू येईल.

माझं बरं चाललंय. परवा बराकीत एकाने माझी चादर ओढली. दोनदा सांगितलं, सोड. नाही सोडली. दोन दात पडले त्याचे. म्हणून आठ दिवस माझं सुतारकाम बंद केलंय. च्यायला, आधी चादर कोणी ओढली ते कोणी विचारत नाही. इथे यायच्या आधी पण तेच. पार्किंगवरून आधी शिवी त्याने दिली, मी फक्त पेव्हर ब्लॉक उचलला. तीन वर्षं मला.

बाजूला चंद्रप्रकाश झोपतो. गोवंडीत वाढलेला, मारामारीतच आलाय. जीव लावणारा माणूस. दिवसभर त्याच्याशी आणि बाकीच्यांशी हिंदीच. आता मला स्वप्नंपण हिंदीत पडतात, आईशी बोलताना मराठी शब्द शोधावा लागतो.

फोनवर पाच मिनिटं मिळतात, ती आईच खाते. तू पत्र लिही. खरं लिही.

मिथुनदादा


२४ नोव्हेंबर २०२४
मुलुंड (पूर्व)

दादा,

दोन दात पाडलेस? वा! वाकोल्याच्या नाक्यावर बॅनर लावू का तुझा, हात जोडलेला? एवढ्यासाठी कमी होणारी शिक्षा वाढवून घेशील आणि आईला परत रडवशील. अक्कल कधी येणार तुला?

आईचं फार मनावर घेऊ नकोस. तोल जातो माझा, एवढंच. मान पटकन वळवली की खोली मालवणच्या होडीसारखी कलते. अंधारात तर पाय कुठे आहेत तेच कळत नाही. घरात भिंत धरून चालते, बाहेर सम्यकचा हात धरून. शाळेतून रजा घेतली आहे. कानाचं काहीतरी आहे म्हणतात डॉक्टर. कशाने झालं ते विचारू नकोस.

परवा मार्केटच्या कोपऱ्यावर सम्यकने हात सोडला आणि मी पडले. कोपर फुटलं, तीन टाके घातले. त्यालाच इतकं वाईट वाटलं की तो जेवला नाही, सारखा माफी मागत होता. तू मनात काही धरू नकोस. आईला कळवू नकोस. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

स्वेटर पाठवते. तुझा जुना निळा, आईने कोपराला ठिगळ लावलंय.

अक्षता


१० डिसेंबर २०२४

अक्षू,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. चंद्रप्रकाशला पण वाचून दाखवलं, हिंदी करून. त्याला पण बहीण आहे.

मी चिडलो नाही. अक्षर बघ, सरळ आहे की नाही? दोन ठिकाणी कागद फाटलाय तो पेनमुळे.

समजायचं ते मी समजलो. तुला लिहायला किती जड गेलं असेल ते पण समजलो. विषय संपला म्हणतेस ना, मग संपला. आईला एक शब्द बोलणार नाही.

भावोजींशी मी कधी नीट बोललो नाही. तुमच्या लग्नात जेवलो पण नाही. ते आता नीट करायचंय. चंद्रप्रकाश २ जानेवारीला सुटतोय. त्याच्या हातून भावोजींना एक भेट पाठवतोय. त्यांच्याच हातात द्यायची, तुझ्या नाही. आम्हा पुरुषांचं असतं काहीतरी. ते कुठे, किती वाजता निवांत भेटतात ते कळव.

तू काळजी करू नको. तुझा भाऊ अजून मेला नाही.

मिथुनदादा


२२ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून मी भिंतीला टेकून रडले. तू ‘भावोजी’ लिहिलंस! सम्यकला दाखवलं तर तो म्हणतो, फ्रेम करून लावू. लग्नाला अडीच वर्षं झाली, तुझ्या तोंडी तो कायम ‘तुझा तो’. आडनाव ऐकल्या दिवसापासून.

आता तू एवढा शहाणा झालायस तर मीपण खरं सांगते. रजा नाही घेतली मी. शाळेने मला घरी बसवलं. तिसरीच्या वर्गात फळ्याकडून वळले आणि पहिल्या बाकावर कोसळले. दुसऱ्या दिवशी पालक आले. बाई पिऊन येतात म्हणे! मुख्याध्यापिकेने माझं तोंड जवळ येऊन हुंगलं. दादा, हुंगलं रे. गेल्या महिन्यात नवघर रोडवर एका बाईच्या अंगावर गेले, तिने दोन्ही हातांनी छातीवर धक्का मारून मला पाडलं. "भर दुपारी ढोसून फिरते, लाज नाही वाटत?" लोक हसत होते. मी खाली बसल्या बसल्या तिच्या पायाला चावायला निघाले होते, सम्यकने ओढलं म्हणून वाचली ती. बघ, तुझीच बहीण आहे मी.

पण आता सुधारतंय. फ्लेविया मॅडम म्हणून आहेत, व्यायाम शिकवतात. कडक बाई, पण देवमाणूस. त्या म्हणतात वर्षभरात परत वर्गात उभी करते. मला तेवढंच हवंय दादा. कोणाला न धरता फळ्यापर्यंत जायचं, बाकी काही नको.

सम्यक लिफ्टच्या कामावरून पाचला येतो. सहाला आम्ही नवघर रोडच्या मैदानावर, मागच्या गेटला. मी भिंतीलगत फेऱ्या मारते तेवढा वेळ तो गेटजवळ एकटाच उभा असतो. तुझ्या मित्राला तिथेच पाठव. चहाला घरी घेऊन येऊ त्याला.

तुझी अक्षू


९ जानेवारी २०२५

मिथुन,

तुझी भेट मिळाली.

परवा सहा वाजता आला तुझा चंद्रप्रकाश. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. मला वाटलं कॅलेंडर. नवीन वर्ष, म्हटलं दादाला काय सुचेल सांगता येत नाही. मी भिंतीजवळून हसून हात केला त्याला. मी! त्याने विचारलं, "सम्यकभाई? मिथुन ने भेजा है." सम्यक हसला, हात मिळवायला पुढे केला. पहिला घाव त्याच हातावर बसला. मनगट मोडल्याचा आवाज मला भिंतीपर्यंत आला, आणि मला एकाच कानाने ऐकू येतं.

लोखंडी पाइप होता. दुसरा घाव गुडघ्यावर, सम्यक बसला. तिसरा त्याच गुडघ्यावर. चौथापण तिथेच. प्रत्येक घावाला तो एकच बोलत होता, "औरत पे हाथ छोड़ता है? औरत पे हाथ छोड़ता है?" सम्यक ओरडत नव्हता, नुसता "अक्षता, थांब तिथेच" म्हणत होता. कारण त्याला माहीत होतं मी धावणार.

मी भिंत सोडून धावले. बारा पावलं होती. तिसऱ्या पावलाला पडले, हनुवटी फुटली. उठले, परत पडले. मग रांगत गेले, तोंडात रक्त आणि माती. दोन दगड हाती लागले ते फेकले, दोन्ही भलतीकडे गेले. मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्यांतला एक म्हणाला, "अरे ती बघ, बाईपण टाइट आहे." मी पोचून सम्यकच्या पायावर पडले तेव्हा कुठे पाइप थांबला. तुझा मित्र माझ्यापुढे वाकला. म्हणाला, "दीदी, अब नहीं मारेगा." आणि शांतपणे गेटमधून निघून गेला.

सम्यकच्या गुडघ्याच्या वाटीचे चार तुकडे झालेत. एक ऑपरेशन झालं, एक बाकी आहे. लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिडीवर चढणारा माणूस आहे तो. आता चढणार नाही.

मला एकच सांग. ‘औरत पे हाथ छोड़ता है’ हे त्याला कोणी सांगितलं? पत्रं तुझे साहेब वाचून देतात ते मला माहीत आहे. वाचू दे त्यांना.

अक्षता


२१ जानेवारी २०२५

अक्षू,

हे पत्र साहेबांच्या हातून येत नाही. एक जण सुटला, त्याने पेटीत टाकलं आहे. वाचून झालं की फाड.

कोणी सांगितलं काय विचारतेस? तूच सांगितलंस! २४ नोव्हेंबरचं पत्र माझ्या हातात आहे, तुझ्या अक्षरात. "सम्यकने हात सोडला आणि मी पडले. कोपर फुटलं." मग माफी मागितली म्हणे, जेवला नाही म्हणे. आईला सांगू नको म्हणे. चाळीत हेच ऐकत मोठे झालो ना आपण? नवरा तोंड फोडणार आणि बायको सांगणार, मोरीत पडले. बायकोवर हात सोडणाऱ्याला मी काय हार घालू?

चंद्रप्रकाशला मी दोनच फटके सांगितले होते. गुडघ्याचं नव्हतं सांगितलं. तो जरा जास्तच करतो.

आणि अजून नवऱ्याचीच बाजू घेतेस? त्या लोकांच्या घरात गेलीस म्हणून हे दिवस आले. आपल्या घरात तुला कधी कोणी बोट तरी लावलं का? सांग ना!

माझं १० डिसेंबरचं पत्र जाळ. ऑगस्ट जवळ आलाय.

मिथुन


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

‘हात सोडला’ म्हणजे हात सोडला. धरलेला हात सोडला. मराठीत, दादा, मराठीत! वाकोल्याच्या म्युनिसिपल शाळेत दोघं एकाच बाईंकडे शिकलो ना आपण? फ्लेविया मॅडमनी त्याला सांगितलं होतं, रोज रस्त्यात पाच पावलं तिचा हात सोडा, नाहीतर ती आयुष्यभर तुम्हाला लोंबकळत राहील. त्याची हिंमत होत नव्हती. मी भांडून भांडून त्याला तयार केला. त्या दिवशी मार्केटच्या कोपऱ्यावर त्याने पहिल्यांदा सोडला. चार पावलं मी एकटी चालले, आणि पाचव्याला पडले. म्हणून तो जेवला नाही. चार पावलांचा मला किती आनंद झाला होता, तो तुला लिहायचा राहिला.

तू ते हिंदीत वाचलंस, हात उचलला म्हणून. दोन वर्षं हिंदीत राहिलास हे खरं, पण तेवढ्याने नाही झालं. सम्यक वाईटच असणार हे तू आडनाव ऐकलंस तेव्हाच ठरवलं होतंस. माझ्या एका वाक्याची तू वाटच बघत होतास. आणि मी मूर्ख, तुला वेळ आणि गेट सांगून बसले. दर संध्याकाळी सहा वाजले की मला ते वाक्य आठवतं. गेटजवळ एकटाच उभा असतो म्हणे.

घरात कोणी बोट तरी लावलं का, हे तू मला विचारतोस?

११ मार्च २०२२. आई भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, मला सम्यकशी लग्न करायचंय. तू आडनाव विचारलंस. मी सांगितलं. तू टीव्ही बंद केलास, आलास, आणि उजवा हात फिरवलास. एकच मारलीस, हे बरोबर. मी कपाटावर आपटून खाली बसले. मारायच्या आधी काय बोललास आठवतंय? जे तू प्रत्येकाला बोलतोस, प्रत्येक पत्रात लिहितोस तेच. कानाखाली आवाज काढीन.

काढलास. तो आवाज अजून चालू आहे, दादा. डाव्या कानात. कुकरची शिट्टी अडकून राहिल्यासारखा, तीन वर्षं, झोपेत धरून. पडदा फाटला होता. आईने लसणाचं गरम तेल ओतलं त्यात, वरून म्हणाली, कोणी विचारलं तर मोरीत पडले सांग. मी तेच सांगितलं. डॉक्टरला, शाळेला, सम्यकलापण. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, ती तुझ्या त्या एका फटक्याने गेली. हळूहळू चालणं बिघडत गेलं.

सम्यकला मी परवा हॉस्पिटलमध्ये सांगितलं. ऐकून त्याने तोंड फिरवलं. तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडला तो. म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस? तो मित्र पाठवतोय म्हटल्यावर मी हात पुढे केला नसता."

मला पाडलं कोण, हे तुला हवं होतं ना? नाव लिहून घे. मिथुन.

अक्षता


१६ फेब्रुवारी २०२५

अक्षू,

खोटं आहे हे. एका थपडीने असं होतं काय? मी आयुष्यात शंभर जणांना मारली असेल, ते सगळे काय वाकडे चालतात?

पहिलं वर लिहिलं ते खोडत नाही, पण दोन दिवस झाले, आता दुसरं लिहितो. मला आठवतं. कपाटाच्या आरशाला तडा गेला होता. मी दुसऱ्या दिवशी नवीन आरसा आणला आणि मला वाटलं, झालं. तुझ्या कानाचं मी विचारलंच नाही.

चुकलो. लाख वेळा चुकलो. काल इथे एकाने मला ढकललं, रांगेत. हात वर गेला माझा आणि वरच राहिला. त्याने मग मला दोन मारल्या, खाल्ल्या मी. लोक हसले.

आता ऐक. चंद्रप्रकाश पकडला गेला असं ऐकतो. तो माझं नाव घेणार नाही, दोस्त आहे. पण तू घेतलंस तर ऑगस्ट गेला. नवीन केस, आणखी सात-आठ वर्षं. आई तोवर टिकणार नाही. मला येऊ दे बाहेर. भावोजींचे पाय धरतो. तुला रोज मैदानावर नेतो, तुझा हात धरून चालवतो, मरेपर्यंत सोडणार नाही. लहानपणी नाला ओलांडताना धरायचो ना, तसा.

फक्त ती पत्रं जाळ. हे पण, मागच्यासारखंच बाहेरून टाकलंय.

दादा


३ मार्च २०२५

दादा,

आई आली होती. दारात उभी राहून तिने माझ्यासमोर स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या. एक, दोन, पाच, ओठ फुटेपर्यंत. "भावाला खाऊ नकोस गे, माझो एकच झील असा." मी तिचे हात धरायला गेले आणि दोघी दारात पडलो. पडल्या पडल्या मी तिला म्हटलं, तुला एक मुलगीपण आहे. ती पदराने ओठ पुसत उठली. तिला चहा दिला, रिक्षात बसवून दिलं.

काडेपेटी मी खरंच घेतली होती. तीन काड्या ओढल्या, तिन्ही विझवल्या. सम्यक कॉटवर पडून बघत होता. म्हणाला, "तुझा भाऊ आहे, तू ठरव. मी काही बोलणार नाही." त्याच्या पायात सळी आहे आणि तो मला हे सांगतो. तू त्याला समोर बसून एकदा तरी नीट बघायला हवं होतंस.

नाल्याचं लिहिलंस. ते मला पक्कं आठवतं. तुझा हात घामाने ओला असायचा, कारण तुलापण पाण्याची भीती वाटायची आणि तू सांगायचा नाहीस. त्या हातासाठीच मी तीन वर्षं ‘मोरीत पडले’ म्हणत राहिले. मी गप्प बसले म्हणून पाइप गेटपर्यंत आला. आता परत गप्प बसले तर तू ऑगस्टमध्ये येशील, माझा हात धरशील, आणि नवघर रोडवर मला कोणी धक्का मारला की दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली काढशील. मला माहीत आहेस तू. एकदा रांगेत हात वर राहिला म्हणून माणूस बदलत नाही. बदलला असता तर पत्रं जाळ म्हणाला नसता.

आज सकाळी आम्ही पोलीस चौकीत गेलो. सम्यकच्या मनगटाचं प्लास्टर निघालंय, पण त्याचे दोन्ही हात कुबड्यांवर. मला द्यायला त्याच्याकडे हात उरलेला नाही. रिक्षापासून चौकीच्या दारापर्यंत एकवीस पावलं आणि दोन पायऱ्या, कठडा नाही. मी समोरच्या पाटीवरच्या एका अक्षरावर नजर ठेवली, मॅडमनी शिकवलं तशी, आणि चालले. झोकांड्या खात. दारातला हवालदार म्हणाला, "काय बाई, सकाळी सकाळीच?" मी म्हटलं, "नाही साहेब. तीन वर्षांपूर्वी कानाखाली मारली होती. त्याचीच तक्रार द्यायची आहे, आणि आणखी एक." त्याने खुर्ची दिली.

तुझं १० डिसेंबरचं पत्र दिलं, २१ जानेवारीचं दिलं, १६ फेब्रुवारीचंपण दिलं. आणि माझी दोन आठवून परत लिहून दिली. मूळ पत्रं तुझ्याकडून घेतील. वेळ आणि गेट मीच सांगितलं होतं, तेपण लिहून घ्यायला लावलं.

बाहेर येताना शेवटच्या पायरीवर पडले. तळहात सोलवटला. सम्यक कुबडीवर नुसता उभा राहून बघत होता, वाकता येत नाही त्याला. मी माझी मी उठले.

मुलाकातीला येणार नाही. पत्रही लिहिणार नाही. तुझा हात मी सोडला, दादा. मराठीतला अर्थ घे.

अक्षता